सात वॅटचं पुण्य

एका चातुर्मासात मी रोज दुपारी दोन ते चार घरातला वायफायचा डबा बंद करून ठेवला, आणि आपण मोठी जीवदया करून राह्यलो या समजुतीत त्याच्याच खाली आसन टाकून बसले. आषाढातल्या चौदसेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत. एक दिवस चुकवला नाही. उपास चुकले, पाठांतर चुकलं, प्रवचनात डोळा लागला, पण डब्याचं बटण काही चुकलं नाही. चार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला भरपूर वेळ मिळालेला होता. त्या बासष्ट वर्षांच्या बाईला आज समोर बसवून मी विचारलं असतं, की बाई, तुला त्या डब्याचं काय कळत होतं? ती म्हणाली असती, हिरवे दिवे लुकलुकतात ना, मंग तेवढं पुरे.

परवा पुन्हा चातुर्मास बसला. आमच्या जैन साध्वी, महासतीजी, शहागडकडून पायी पायी विहार करत आष्टीत आल्या. आम्ही बाया गावाच्या वेशीपर्यंत सामोऱ्या गेलो, साड्यांचे काठ चिखलात भरवून घेतले. आता स्थानकात, म्हणजे त्या उतरतात त्या आमच्या धर्माच्या जागी, रोज सकाळी त्यांचा आवाज येतो. माईक नाही, पंखा नाही, तरी शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या बाईपर्यंत शब्द पोचतो. घरात पालेभाजी बंद झाली. मुगाचे पापड डब्यातून बाहेर आले. रोजच्या रोज उकळलेलं पाणी परातीत ओतून, वर मलमलचं फडकं टाकून गार करायला ठेवलेलं, आणि त्या पाण्याचा तो वाफेचा, जरासा भांड्याचा वास स्वयंपाकघरात भरून राहिलेला. दुकानातून पोत्यांचा ओला वास. बाहेर सोयाबीन फुलावर. हा वास आला की माझं मन धर्माकडं जायला पाहिजे. ते जातं भिंतीवरच्या त्या डब्याकडं. माझी नात परी आता पंधरा वर्षांची आहे. तिनं काल विचारलं, "दादी, औंदा कोणता नियम?" मी म्हटलं, औंदा काही बंद करायचा नियम नाही. ती हसली. तिला अर्धीच गोष्ट माहीत आहे.

तो डबा आमच्या पुढच्या खोलीत लोखंडी कपाटाच्या वर, भिंतीला ठोकलेला होता. आमचा मुलगा नीलेश, त्याचं दुकान घराला लागूनच; दुकानाच्या कामासाठी त्यानं तो घेतलेला. घरात आला तेव्हा मला तो बिलकुल आवडला नाही. दिवस नाही रात्र नाही, आपला जागाच. हात लावला तर कोमट. श्रावणात काडेपेटी सादळते, म्हणून मी ती त्या डब्यावर ठेवू लागले. काड्या कशा कडक राहायच्या! मंग तो जरा आवडायला लागला. मी त्याच्यासाठी लोकरीचं झालरवालं झाकण विणलं, गुलाबी. टीव्हीला होतं, मिक्सरला होतं, मंग यानं काय पाप केलं? झाकण घातल्यावर डबा आणखी गरम व्हायला लागला. मला वाटलं, ऊब धरून राहिला. एक पाल होती, तिलाही तसंच वाटलं असणार. पावसाळाभर ती त्याच्या मागं चिकटून असायची, फक्त शेपटी बाहेर. मी दुपारी बटण बंद करायची आणि थोड्या वेळानं ती पाल निघून ट्यूबलाइटीच्या पट्टीकडं जायची, तर तीही बंद. जीवदयेच्या नादात एका जिवाची दुपारची झोप मीच रोज मोडत होते, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

नियम कसा घेतला तेही सांगते, कारण त्यात धर्म थोडा आणि तोरा जास्त होता. आमच्यात अग्नीला जीव मानतात. दिवा, चूल, वीज, सगळ्यात ते बारीक जीव. जेवढं कमी वापरू तेवढी हिंसा कमी. चातुर्मास बसला की स्थानकात जो तो आपल्याला झेपेल तसा एखादा नियम घेतो. त्या सकाळी माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं उठून चार महिने साखर सोडली. तिच्या पलीकडच्या बाईनं गादीवर झोपणं सोडलं. आता मी काय सोडणार? साखर मला सुटत नाही आणि कंबर गादी सोडू देत नाही. मी हात जोडून उभी राहिले आणि म्हटलं, रोज दुपारी दोन ते चार माझ्या घरात विनाकारण विजेचा एक दिवाही जळणार नाही. बाया माझ्याकडं वळून पाहायला लागल्या. महासतीजींनी मात्र माझ्याकडं जरा बघितलं आणि विचारलं, घरात सगळ्यांना विचारलं का? मी म्हटलं, हो, विचारलं. त्या चार महिन्यांतलं हे माझं पहिलं खोटं, आणि तेही मुहपत्तीची पांढरी पट्टी तोंडाला बांधून.

घरात मी कोणालाच विचारलं नव्हतं. विचारायचं कोणाला? दुपारी नीलेश दुकानात, पोरं शाळेत, सून कोमल वरच्या खोलीत दार लावून. मला वाटायचं, झोपते. झोपू दे बापडी, सकाळी पाचपासून राबते. मी खालचे पंखे, दिवे, टीव्हीचं बटण, सगळं बंद करत करत कपाटाजवळ यायची आणि शेवटी डब्याचं बटण वर करायची. एकदा सामायिक घेतली, म्हणजे ध्यानाला बसलं, की विजेला हात लावायचा नसतो, म्हणून आधीच सगळं उरकून ठेवायचं. मंग आसन, माळ, मुहपत्ती. अठ्ठेचाळीस मिनिटांची एक सामायिक, तिला जोडून दुसरी. बंद डोळ्यांसमोर अंधार आणि त्या अंधारात हिरवे दिवे नाहीत याचं समाधान. पत्र्यावर पावसाची टपटप, लांब कुठं तरी ट्रॅक्टर, घामानं मानेला चिकटलेला पदर.

एका दुपारी, सुरुवातीच्याच दिवसांत, जिन्यावर पैंजणांचा आवाज आला. कोमल खाली येत होती. मधल्या पायरीवर तो आवाज थांबला. बराच वेळ थांबला. मंग हळूहळू परत वर गेला. मी डोळे मिटलेलेच ठेवले आणि मनात म्हटलं, किती शहाणी सून मिळाली, सासू सामायिकात बसली म्हणून पाण्यालासुद्धा आली नाही. तेवढ्या कौतुकापायी माझी माळ दोन मणी चुकली.

कोमलला मी एक गोष्ट फार वेळा सांगितलेली. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाची. मी जालन्याहून अकरावी करून या घरात आले आणि बारावीचा फॉर्म बाहेरून भरला. सूर्य मावळायच्या आत जेवणं होत, भांडी होत, आणि दिवेलागणीला मी माजघरातल्या एकुलत्या एका बल्बखाली पुस्तक घेऊन बसत असे. बल्बचं बटण सासूबाईंच्या खाटेच्या उशाशी. त्या मला कधी नको म्हणाल्या नाहीत, रागावल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. नुसता हात वर जायचा. टक. अंधार. मी पुस्तक मिटून उठायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायची, पुन्हा टक. एकदा सूड म्हणून मी तो बल्ब सैल करून ठेवला. सासूबाई बटण दाबून दाबून थकल्या, मंग शेजारच्या माणसाला बोलावून सगळी वायर तपासून घेतली, आणि मी पदराआड हसत राहिले. परीक्षेत मी इंग्रजीत नापास झाले. जन्मभर लोकांना सांगत आले की सासूनं दिवा बंद केला म्हणून नापास झाले. खरं सांगायचं तर लख्ख उजेडातसुद्धा मला इंग्रजी येत नव्हतं. पण गोष्ट अशी रंगवून सांगायला बरी वाटते. पोळ्या लाटताना मी ती कोमलला हातवारे करून सांगायची, हात असा वर, बोट असं, टक. ती हसायची. आणि शेवटी मी मोठ्या तोऱ्यात म्हणायची, आमच्या सासूबाई बोलायच्या नाहीत गं, नुसतं बटण दाबायच्या, आणि आपण समजून घ्यायचं.

इकडं नियम सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच नीलेशनं केबलवाल्याला बोलावलं. फिरोजभाई. चाळिशीचा माणूस, सायकलच्या काळापासून आमच्या गल्लीत वायरी ओढणारा. तो सकाळी आला. डबा चालू. त्यानं आधी माझं गुलाबी झाकण काढून बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "मावशी, मशीनला स्वेटर घालत नसतेत. त्याला हवा लागते. तापून तापून मरंल ते." दुसऱ्या खेपेला त्यानं ॲडॉप्टर बदलला. तिसऱ्या खेपेला डबाच नवीन लावला. चौथ्या खेपेला भर पावसात शिडी लावून खांबावर चढला आणि खालून वरपर्यंत वायर बदलून टाकली. मी पडवीत उभी राहून त्याला छत्री धरा, छत्री धरा म्हणून ओरडत होते. खांबावरच्या माणसाला छत्री कोण धरणार?

खाली उतरून चहा पिताना त्यानं डोकं खाजवलं. म्हणाला, "मावशी, मी सकाळी येतो तं चालू. दुपारी फोन येतो का बंद. कोणी बटणाला हात लावतं का?"

चहाचा ट्रे घेऊन कोमल तिथंच उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. फरशीकडं पाहत म्हणाली, "न्हाई भैया, कोणीच न्हाई."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुपारी दोन ते चार! अरे, हे तर माझंच काम. आणि काय केलं असेल मी? फिरोजभाईला आणखी एक बिस्कीट दिलं. बोलले नाही. चार महिन्यांचा नियम, बायांमध्ये गाजलेला, तो आता घरातल्या घरात मोडायचा कसा? आणि सांगितलं तर नीलेश हसणार, दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगणार. मनाची समजूत काढली, दोन तास नेट नसलं तर कोणाचं काय अडतंय? दुपारी लागतंच कोणाला? कोमलची मला उलट कीवच आली, भोळी आहे, हिला कळलंसुद्धा नाही. पुढं नीलेश एकदा दुकानाच्या पायरीवर फिरोजभाईला चारचौघांत बरंच काही बोलला. तो मान खाली घालून ऐकत होता. मी खिडकीच्या जाळीतून बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला पुन्हा बटण वर.

भाद्रपदात संवत्सरी आली. वर्षभरात ज्याला ज्याला दुखवलं त्याची हात जोडून क्षमा मागायचा दिवस. दिवसभर तेच चालतं, घराघरांतून, दारादारांतून. मी सगळ्यांना मागितली. साखर सोडलेल्या बाईला, गादी सोडलेल्या बाईला, जिच्याशी नळावरून भांडले तिला. घरी आले. कोमल भाजीचे डबे पुसत होती. मी हात जोडले आणि म्हटलं, मिच्छामि दुक्कडम्, बेटा, जाणते-अजाणते काही चुकलं असेल तर. तिनं ओला हात पदराला पुसला आणि माझ्या पायाला लावला. तिनंही तेच म्हटलं. किती सोपं झालं! "जाणते-अजाणते" हा शब्द माझ्यासारख्या बाईसाठीच कोणी तरी करून ठेवला असावा. त्यात सगळं मावतं आणि काहीच सांगावं लागत नाही.

चातुर्मास संपला, महासतीजींचा विहार झाला. थंडी पडायला लागली तशी मी गोधड्या उन्हात घालायला म्हणून वरच्या खोलीतलं कपाट रिकामं करत होते. खाली रद्दीचा गठ्ठा बांधून ठेवलेला, कोमलनंच. त्यात एक जाड वही होती, निळ्या पुठ्ठ्याची, अर्ध्याहून जास्त कोरी. कोरी वही रद्दीत घालते, हे काय, म्हणून मी ती ओढली. पहिल्या पानावर कोमलचं माहेरचं नाव आणि खाली, शिक्षक पात्रता परीक्षा. लग्नाआधी तिनं बी.एड. केलेलं होतं, हे मला माहीत होतं. लग्नाच्या बोलणीत आम्हीच ते सगळ्यांना मोठेपणानं सांगितलं होतं. पुढं रोजची तारीख, खाली धड्याचं नाव, दुपारी दोन ते चार. पहिली काही पानं भरून. मंग एका तारखेला दीड ओळ आणि पुढं कोरं. दुसऱ्या तारखेला धड्याचं नुसतं नाव. तिसऱ्या तारखेला एकच वाक्य, तेही अर्ध्यावर तुटलेलं, "मूल शिकत नाही तेव्हा शिक्षकाने प्रथम हे पाहावे की". पुढं काही नाही. तिथून वही कोरी.

नंतर इकडून तिकडून विचारून कळलं. दुपारी दोन ते चार मोबाईलवर क्लास असायचा, समोरचे सर त्याच वेळेला शिकवायचे, मागाहून बघायची सोय नव्हती. वरच्या खोलीत मोबाईलला रेंजची एकच दांडी, पावसात तीही जायची. म्हणून सगळी भिस्त त्या डब्यावर. मला का नाही सांगितलं? नीलेशनंच सांगू नको म्हटलं होतं. मम्मीला कळलं तर निकाल लागायच्या आधी सगळ्या आष्टीत पेढे वाटून येईल, म्हणाला. बराबरच म्हणाला. त्या साली परीक्षेचा अर्ज कोमलनं भरलाच नाही. पुढच्या साली धाकटा झाला. त्याच्या पुढच्या साली मी एकदा आडून आडून विषय काढला, तर म्हणाली, आता कुठं मम्मी, जाऊ द्या. गल्लीतली दोन-चार पोरं तिच्याकडं पाढे विचारायला येतात. पायरीवर बसून ती त्यांना शिकवते तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन बसते.

ती वही मी रद्दीत परत ठेवली नाही. माझ्या ट्रंकेत, लग्नातल्या चुंदडीच्या घडीखाली ठेवली. बोलले मात्र काही नाही. एक संवत्सरी गेली, दुसरी गेली. दरवर्षी हात जोडायचे, जाणते-अजाणते म्हणायचं, आणि ट्रंकेला कुलूप.

मागच्या पावसाळ्यात परीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. तिनं शाळेतून एक छोटं यंत्र आणलं. भिंतीच्या प्लगमध्ये ते लावायचं आणि त्यात आपली वस्तू लावायची, की कोणती वस्तू किती वीज खाते ते आकड्यात दिसतं. दोन दिवस ती घरभर ते घेऊन फिरली. फ्रिज, टीव्ही, मिक्सर. मी म्हटलं, त्या डब्याला लाव. तिनं लावलं. सात. मधूनच आठ, पुन्हा सात. मी विचारलं, सात म्हणजे किती? ती म्हणाली, "दादी, देव्हाऱ्यातला छोटा बल्ब असतो ना, तेवढंच." मला पटलं नाही. दिवसभर जागा असतो, तापतो, पाल शेकून निघते, आणि एवढंच? परीनं मंग माझी केटली लावली. माझ्या लेकीनं दिलेली, सकाळी पिण्याचं पाणी उकळायची. धर्माचं पाणी ते, चातुर्मासात कच्चं पाणी प्यायचं नसतं. आकडा झरकन पंधराशेच्या जवळ गेला. मी चष्मा पुसून पुन्हा बघितला.

मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, समजा कोणी तो डबा रोज दोन तास, असे चार महिने बंद ठेवला, तर किती वीज वाचेल? तिनं वहीच्या मागच्या पानावर मांडलं. सात गुणिले दोन, गुणिले एकशे वीस. "पावणेदोन युनिटसुद्धा न्हाई गं दादी. तुझी केटली सव्वा तास चालली का संपलं." रोज सकाळी पंधरा मिनिटं केटली चालते. म्हणजे माझा सगळा चातुर्मास माझ्याच केटलीनं पाच दिवसांत पिऊन टाकला. पहाटे पंधराशे जाळून धर्माचं पाणी प्यायचं आणि दुपारी सात वाचवून मोक्षाची वाट बघायची, अशी ती बासष्ट वर्षांची विदुषी. परी हसत होती. मी पण हसले, आणि हसता हसता मला ते अर्धं वाक्य आठवलं.

परीच्या प्रदर्शनाचा पुढचा भाग असा होता, की वीज कमी कशी करायची. तो तिला कोमलनं करून दिला. मोबाईलवर वाचत, वहीत टिपणं काढत. आमच्या घरात दोन डबे चालू असायचे. लोखंडी कपाटाच्या वर ठेवल्यानं वरच्या मजल्यावर नेट धड पोचत नव्हतं, म्हणून नीलेशनं मागाहून तिथं दुसरा लावलेला. कोमल म्हणाली, लोखंडाला लागून ठेवला तर तो कसा पोचणार? तिनं पहिला डबा तिथून काढून जिन्याच्या मधल्या वळणावर, उघड्या भिंतीला लावला. वर-खाली दोन्हीकडं पोचायला लागलं आणि दुसऱ्याची गरजच उरली नाही. तो काढून टाकला, एवढ्यानं खर्च अर्ध्यावर आला. सगळे झोपल्यावर आपोआप बंद आणि पहाटे आपोआप चालू होईल असा एक प्लग बसवला. जुना तापणारा चार्जर बदलला. डब्याच्या आतली सेटिंग उघडून नेटचा जोर आमच्या घरापुरताच ठेवला. शेवटचा उपाय फार थोडा फरक पाडतो, हेही तिनं परीला प्रामाणिकपणे लिहायला लावलं. "मोजल्याशिवाय लिहायचं न्हाई बेटा. आधी काय चालू आहे ते बघायचं, कोणाला कधी लागतं ते विचारायचं, मंग बंद करायचं." ती हे परीला सांगत होती. मी शेजारी शेंगा सोलत होते. किती छान शिकवत होती! मुद्दा सांगून थांबायची, परीच्या तोंडाकडं बघायची, कळलं का ते डोळ्यांनी विचारायची. माझ्या ताटात टरफलं आणि दाणे एकत्र पडत होते.

मंग मी ठरवलं, आता सांगून टाकायचं. पण मी पहिल्यापासून पळपुटी, आधी सोपं उरकावं म्हणून फिरोजभाईला घरी बोलावलं. त्याला सगळं सांगितलं, बटणापासून बिस्किटापर्यंत. तो कपाळाला हात लावून हसला. म्हणाला, "मावशी, मी पावसात खांबावर चढल्तो, तुम्ही खालून छत्री छत्री करून राहिल्त्या." नीलेशकडून मी त्याची माफी मागवली, दुकानाच्या त्याच पायरीवर. तिथं मला जरा मोकळं वाटलं. एवढ्यावर भागलं असतं तर किती बरं होतं.

आत्ता हे लिहीत बसलेय तेव्हा दुपारचे अडीच झालेत. जिन्याच्या वळणावर डबा जागा आहे. पालीनं नवी जागा शोधून काढली, शेपटी दिसतेय. काडेपेटी मात्र सादळायला लागली. वरच्या खोलीचं दार लावलेलं आहे. कोमल झोपली आहे का आणखी काही करते आहे, मला माहीत नाही. पूर्वी मला वाटायचं की मला माहीत आहे. आता मी जिन्याखालून चालतानासुद्धा पाय हळू टाकते आणि भिंतीपासून हातभर लांबून जाते.

मागच्या संवत्सरीला संध्याकाळचं प्रतिक्रमण करायच्या आधी, ऊन कलायच्या सुमाराला, मी ट्रंक उघडली. वही पदराखाली घेतली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढले. कोमल कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिच्यापुढं वही ठेवली आणि हात जोडले. या वेळी जाणते-अजाणते म्हटलं नाही. नाव घेऊन सांगितलं. दुपारी दोन ते चार तो डबा मी बंद करायचे, माझ्या नियमासाठी. तुझा क्लास असतो हे मला माहीत नव्हतं, पण नेट माझ्यामुळं जातं हे चौथ्या खेपेला कळलं होतं, तरी बोलले नाही. वही सापडली तरी बोलले नाही. तुझी परीक्षा माझ्यामुळं गेली. मला आशा होती की ती नवल करील, कदाचित रागावेल, रडेल. त्या सगळ्याची तयारी करून मी वर आले होते.

तिनं वही उघडली नाही. तिच्यावर तळहात ठेवला. मंग हातातली घडी पूर्ण केली, कडेला ठेवली, आणि माझ्याकडं न बघता शांतपणे म्हणाली,

"मम्मी, मी तिसऱ्याच दिवशी जिन्यावरून बघितल्तं, बटण वर होतं. चालू करायला मी हात लावला न्हाई. तुमच्या सासूबाई बोलायच्या न्हाईत, नुसतं बटण दाबायच्या आणि आपण समजून घ्यायचं, हे तुम्हीच मला सांगितल्तं. मी समजून घेतलं."